सुमनच्या फोटोमागचं घरटं

पूर्वेकडच्या डोंगरातली पोस्ट होती. आमच्या महिला बटालियनची एक प्लाटून तिथं रस्त्याच्या बंदोबस्ताला होती. मी हवालदार, आणि माझ्या सेक्शनमध्ये वायरलेस सेटवर शिपाई सुमन. ती भोकरजवळची, मी निलंग्याची. आम्ही बोलायला लागलो की बाकीच्या पोरी हसायच्या. ती मला अक्का म्हणायची.

रुटीन ठरलेलं. पहाटे फॉलिन, पीटी, चहा, मग रस्ता तपासायला पार्टी निघायची. सेटवर आमच्या पार्टीचं नाव टायगर टू. सुमन रिपोर्ट द्यायची, "टायगर टू. सब ठीक. ओव्हर." ओव्हर म्हटलं की आपण गप्प राहायचं, समोरच्यानं बोलायचं. तिनं घरी आईलाही ते शिकवलं होतं. कँटीनजवळच्या फोनवरून बोलणं संपलं की तिकडून आई ओरडायची, "सब ठीक, ओव्हर!" आणि आम्ही पोरी पोट धरून हसायचो.

एका उन्हाळ्यात सुमनच्या अंगाला खाज सुटली. बाकी कुणाला नाही, फक्त तिला. पोरी म्हणाल्या, "आंघोळ करत जा गं." दवाखान्यातून खरजेचं मलम मिळालं. ते चोळून चोळून संपलं, खाज होती तशीच. मग एक दिवस तिनं उशीवर पांढरा रुमाल अंथरला आणि मला हाक मारली.

"अक्का, बघा. धूळ चालून राहिली."

खरंच चालत होती. मिरपुडीहून बारीक ठिपके. बोटानं दाबला की रुमालावर लाल डाग. वर बघितलं तर तिच्या कॉटच्या बरोब्बर वर झरोका, त्यात कबुतराचं रिकामं घरटं. पिलं असतात तोवर हे किडे पिलांच्या रक्तावर जगतात. पिलं उडाली की उपाशी पडतात आणि खाली माणसाकडं येतात. डॉक्टर त्याला माइट म्हणतात.

कंपनी कमांडर मॅडम आल्या, वर बघितलं. "बिस्तर सारे बाहर. घोंसला हटाओ. शाम तक बैरक साफ चाहिए." झाली साफ.

त्याच वर्षी हिवाळ्यात रस्त्यावर स्फोट झाला. सुमन पुढच्या गाडीत होती. पोस्टवरच्या सेटवर मी होते. "टायगर टू, जवाब दो. ओव्हर." मी थांबले. परत म्हणाले, परत थांबले. तिरंग्यात गुंडाळलेली तिची पेटी घेऊन भोकरला मीच आले. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

आता मी रिटायर होऊन लातूरला असते. गेल्या उन्हाळ्यात सुमनच्या भावाचा, दिगंबरचा फोन आला.

"जयभीम, अक्का. आईचं डोकं ठिकाणावर न्हाई. सोमवारी लातूरला आणून डोक्याच्या दवाखान्यात भरती करावं म्हणतो. तुम्ही सोबत असलात तर बरं."

"काय करतात आई?"

"सारखं खाजवतात. अंगावर धूळ चालती म्हणतात."

मी म्हटलं, "कुठं नेऊ नको. मी येते." मिळेल त्या एसटीनं निघाले.

आई कॉटवर बसून होत्या. हात कोपरापर्यंत ओरबाडलेले. दिगंबरची बायको रत्ना रडकुंडीला आलेली. "आमाला कुणालाच काय चावत न्हाई बघा, अक्का. दुसऱ्या खोलीत निजा म्हणलं तर कॉटला धरून बसतात. डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या दिल्या, त्या बी थुकून देतात."

मी आईंच्या शेजारी बसले आणि वर बघितलं. कॉटच्या वर सुमनचा वर्दीतला फोटो. आईंना निजल्यावर दिसावा म्हणून दोरीनं पुढं झुकवून लावलेला. मागच्या सांदीतून वाळलं गवत डोकावत होतं.

"आई, चिमण्या कधी उडाल्या?"

"कोणत्या चिमण्या?"

"आई."

त्यांनी पदर सारखा केला. "पुनवेच्या मागंपुढं. येतील परत."

"आणि धूळ चालायला कधी लागली?"

"त्याच्यानंतरच." मग हळू आवाजात म्हणाल्या, "सांगितलं असतं तर दिगंबरनं काठीनं खोपा पाडला असता. तिच्या आडोशाला आलती गं पाखरं. मी भात टाकायची. चिमणी दोनदा बाळंत झाली तिथं."

"आणि हा तुम्हाला वेडी म्हणून भरती करून राहिला होता!"

"म्हणू दे की. म्हातारीला काय, वेडी तर वेडी. तिचं घर तर राहील न्हवं?"

दिगंबर दारातच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं. आत आला, मी सांगितलं तसा आईच्या उशीवर पांढरा रुमाल अंथरला आणि वाकून बघत बसला. जरा वेळानं म्हणाला, "चालून राहिली, अक्का." उठला तो थेट फवारणीचा पंप घेऊन आला.

"कापसावरचं औषध मारतो. एक बी राहणार न्हाई."

"खबरदार! इथं माणूस झोपतं. पंप बाहेर ठेव."

"बघ, म्हणून सांगत नव्हते," आई म्हणाल्या.

मी त्यांना समजावलं. पिलं मोठी होऊन गेली, आता खोप्यात नुसते उपाशी किडे आहेत. चिमणीला आपण बाहेर दुसरं घर देऊ. आई कॉटवरून उतरल्या. मग म्हणाल्या, "फोटो मी उतरवणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई."

सकाळी कामाला लागलो. मी ऑर्डर देत होते, दिगंबर तोंडाला रुमाल आणि हातात मोजे घालून स्टुलावर. आधी घरट्यावर साबणाचं पाणी शिंपडून ते चिंब केलं. कोरडं ओढलं तर किडे घरभर पांगतात. मग आईंनी दोन्ही हातांनी फोटो उतरवला. घरटं पिशवीत, पिशवीला गाठ, आणि शिवारात नेऊन खड्ड्यात पुरलं. भिंत, फोटोची चौकट, कॉटच्या फटी साबणाच्या पाण्यानं पुसल्या. चादरी, गोधड्या, कॉटची नवार उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात टाकली. फोटोमागं भिंतीला चीर होती, ती सिमेंटनं बुजवली. अंगाला साधा साबण पुरतो. हे किडे माणसाच्या अंगावर घर करत नाहीत, पाखरं नसली की मरतात. पण एका दिवसात संपतही नाहीत. दिसला ठिपका की चिकटपट्टीनं उचलायचा, आणि धुणं-पुसणं परत करायचं. मी तिथंच मुक्काम ठोकला.

रोज सकाळी विचारायची, "टायगर टू, रिपोर्ट."

"हाय अजून जराशी," आई म्हणायच्या.

फोटोचं मात्र अडलं. परत झुकवून लावला तर परत घरटं होणार. भिंतीला सपाट लावला तर आईंना निजल्यावर दिसणार नाही. आई भिंतीकडं तोंड करून निजायला लागल्या. दिगंबरनं एक दुपार विचार केला, मग आईच्या कॉटवर स्वतः आडवा झाला आणि रत्नाला म्हणाला, "समोरच्या भिंतीवर धर. खाली. अजून खाली. हां, आता ताई बघती माझ्याकडं." तिथंच खिळे मारून सपाट बसवला. चिमण्यांसाठी लाकडी खोका केला, तो खिडकीपासून लांब, गोठ्याच्या वळचणीला टांगला.

निघायच्या दिवशी मी पिशवी उचलली. आईंच्या हातांवरच्या खपल्या पडल्या होत्या.

"टायगर टू, रिपोर्ट."

आईंनी माझ्याकडं बघितलं नाही. समोरच्या फोटोकडं बघितलं.

"सब ठीक," म्हणाल्या. "ओव्हर."

आम्ही दोघी थांबलो. बाहेर गोठ्याकडं चिमण्यांचा गलका चालला होता.