जरमीनाच्या घरचे तीन दिवस

शाइस्ता उद्या गल्लीत एकटी पडेल, ही काळजी काही केल्या मनातून जात नाही. शाळेचे गणवेश शिवून माझ्या या लेकीनं दोन मुलं वाढवली, चाळिशी गाठली, तरी तिच्या आईला झोप नाही.

तिच्या शेजारच्या खोलीत जरमीना राहते. काबूलहून जीव वाचवून आलेली, पदरात दोन लहान मुली, हातात निर्वासिताचं कार्ड. रात्री मोठ्यानं रडते. शाइस्तानं एका संस्थेत अशा माणसांना आधार द्यायचं शिक्षण घेतलंय. तिनं जरमीनाला समोर बसवून विचारलं, त्रास कधीपासून होतो, काय काय आठवतं. जरमीना उठली आणि दार लावून बसली. आजवर तिला असं समोर बसवलं होतं ते पोलिसांनी आणि कचेरीतल्या साहेबांनीच.

मग शाइस्तानं विचारणं सोडलं. शर्टांचा गठ्ठा घेऊन ती रोज तिच्या दारात गुंड्या लावत बसू लागली. आज दुपारी जरमीनानंही सुई उचलली. मोडक्या उर्दूत म्हणाली, महिन्यामागं तिकडं भाऊ गेला. फोन आला तोवर दफनही झालं होतं.

शाइस्ता तडक माझ्याकडं आली. "अम्मी, मयतीच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही, शेजारी जेवण आणतात. हिनं त्या दिवशी स्वतः भात शिजवला!"

"अगं, महिना झाला त्याला."

"आपल्या गल्लीत तो आज गेला."

संध्याकाळी तिनं जरमीनाचा गॅस बंद करून दारात चटई अंथरली. समोरची नागव्वा आमटीभात घेऊन पहिली आली. "आमच्यात बी असंच अस्तंय की," म्हणाली आणि बसली. बाया येत गेल्या. जरमीना ओक्साबोक्शी रडली. गप्प बस, असं कुणी म्हटलं नाही.

तेवढ्यात घरमालक पीरसाब आले. "हे काय मांडलंय? येडी हाय ती. दर्ग्यात न्या, न्हाय तर उद्या खोली रिकामी करा. शाइस्ता, तू बी नीघ तिच्यासंगं."

शाइस्ता जागची हलली नाही. "चाचा, मयतीच्या घरी आलाय. चपला काढा, बसा. आणि उद्याचं जेवण तुमच्याकडून येऊ द्या."

बाया ओढणीआड हसल्या. पीरसाब तणतणत गेले.

उद्या ते कुलूप घेऊन येतील. त्यांची बायको गेली तेव्हा तीन दिवस त्यांच्या घरी माझा डबा जात होता. ते भिंतीवर डोकं आपटत होते. त्यांना कुणी येडं म्हटलं नव्हतं.

हे त्यांना आत्ताच सांगायला हवं. झोपले असतील तर उठतील. जरमीनाचे दोन दिवस अजून बाकी आहेत. मी फोन लावतेय.