अण्णांचं नाक आणि ग्लेनचं सांबर

आमच्या सासऱ्यांचा, अण्णांचा, जगात एकाच गोष्टीवर विश्वास होता, तो म्हणजे स्वतःच्या नाकावर. परदेशात टार्निटला आमच्याकडे आले त्या दिवशीच दुधाच्या बाटलीपासून नळाच्या पाण्यापर्यंत सगळं हुंगून झालं. "तारखेचं सांगू नकोस. तारीख छापणारा काय दूध पितो?" सासूबाई गेल्यावर कराडचं घर बंद करून आलेला माणूस. इथे बोलायला कुणी नाही, म्हणून रोज परतीच्या तिकिटाची भाषा. तिकडे त्यांना बघणार कोण?

त्यात एका आर्व्होला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, शेजारचा ग्लेन मांस घेऊन आला. डोंगरात स्वतः मारलेलं सांबर! अण्णांनी आधी पडदे ओढले. "अगं, पोलीस येतील! आणि सांबर तर आपल्याकडचं, ते इथे कुठून आलं? गडी थापाड्या दिसतोय." सांबरं इथे पूर्वीच बाहेरून आणून सोडलीत आणि लोक लायसन काढून त्यांची शिकार करतात, हे पटवता पटवता रात्र झाली.

पण लहानपणी आजोबांच्या शिकारीचं रानडुक्कर खाल्लेली जीभ ती, गप्प कशी बसेल? दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्लेनला कुंपणापाशी गाठलं. दुभाषी अर्थातच मी. "नर की मादी? माजावरच्या नराचं मांस उग्र लागतं. गोळी लागल्यावर पळालं का? धावून दमलेलं जनावर बेचव होतं. पोटात तर नाही ना लागली? मांस गार कधी केलंस?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ग्लेन मात्र खूश! "फेअर क्वेश्चन्स, मेट," म्हणत त्याने सगळं सांगितलं.

"पाठ करून आलाय," अण्णा माझ्या कानाशी पुटपुटले.

तरी रस्सा त्यांनीच केला. "उग्र वास सगळा चरबीत," म्हणत चरबीचा कण ठेवला नाही. आणि पहिली वाटी कुंपणावरून ग्लेनला! आणणाऱ्याने आधी खायचं, मग थोडं थांबायचं, ही अण्णांची अट. ग्लेन खाऊन निमूट थांबला आणि म्हणाला, "स्टिल अलाइव्ह, अण्णा!" तेव्हा कुठे अण्णा जेवले. पुढे हे दर वेळी व्हायला लागलं, आणि तिकिटाचा विषय कधी बंद पडला ते कळलंच नाही. भरवसा ठेवला असं मात्र ते शेवटपर्यंत म्हणाले नाहीत.

या हिवाळ्यात अण्णा गेले. परवा ग्लेन पुडकं घेऊन दारात आला. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "मादी. जागेवर पडली. लगेच गार केली."

मी चरबी काढून रस्सा केला, वाटी कुंपणावरून दिली. त्याने खाल्लं आणि सवयीने थांबून राहिला. "स्टिल..." म्हणाला, आणि पुढचं त्याला बोलवेना.