चार वाजताची नीरा

अमरावतीला राजापेठेत माझं रेडिओ-पंखे दुरुस्तीचं दुकान होतं. डोमाजीची नोकरी कशी गेली हे मला चांगलं ठाऊक आहे, अन् इतकी वर्षं मी मूग गिळून बसलो हेही खरं. आता म्हातारा झालो. सांगून टाकतो, मग काय म्हणायचं ते म्हणा.

डोमाजी ताठ माणूस. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. त्यात दारूला न शिवण्याची जी शपथ होती, ती त्यानं जिवापाड जपली. पुढे अमरावतीच्या नीरा केंद्रावर नोकरी लागली. घरात सरकारी पगार आणणारा तो पहिलाच. बायको, केशरबाई, त्याचा खाकी सदरा स्वतः धुवायची, स्वतः इस्त्री करायची, कोणाला हात लावू द्यायची नाही.

नीरा म्हणजे शिंदीच्या झाडाचा रस. पहाटे उतरवलेला थंड ठेवला तर सरबत, अन् ऊब लागली की ताडी. मधे फक्त एक फ्रिज! आणि डोमाजी ती नीरा स्वतः कधी तोंडाला लावत नसे. म्हणायचा, "झाड तं तेच ना, नारायणभाऊ? आपल्याले इकायची हाय, प्यायची नाई."

साठ सालच्या उन्हाळ्यात फ्रिजचा कंट्रोल गेला. कंट्रोल म्हणजे मोटर कधी चालू, कधी बंद, ते ठरवणारी डबी. तिला तांब्याची बारीक नळी असते, ती आतली थंडी चाचपते. माझ्याकडे दोन होते. एक चांगला, दोन-तीन डिग्री उतरचढ झाली की लगेच जागा होणारा. दुसरा आळशी. बारा-पंधरा डिग्री गरमी चढेपर्यंत हा आपला झोपलेला. खात्याचा नियम असा की जो स्वस्त तो घ्यायचा. मी आळशी बसवला, पावती फाडली, विषय संपला.

संपला कसला, सुरू झाला! दोन महिन्यांत केंद्राचा खप तिप्पट. पण सकाळी माणूस नाही. सगळी गर्दी दुपारी, चार वाजता. वकील कमलाकांत, संस्कृतचे मास्तर, दोन भटजी, अन् खोटं कशाला बोलू, मी. वकीलसाहेब दारूबंदी प्रचार समितीचे अध्यक्ष होते. दोन गिलास झाले की म्हणायचे, "डोमाजीराव, सकाळची नीरा कफ करते. चार वाजताची मात्र पाचक!" डोमाजी हरखून जायचा. वर फेस दिसला की त्याला वाटे, माल ताजा आहे. घरी सांगायचा, मोठमोठे लोक दारू सोडून आपली नीरा पितात. खरंच सांगायचा हो, छाती फुगवून.

दीड वर्षं अशी मजेत गेली. मग एका दुपारी वकीलसाहेबांनी भलत्याचीच सायकल धरली. कुलूप उघडेना, तर सायकलीचीच उलटतपासणी सुरू केली: "खरं सांग, तू माझी आहेस की नाहीस?" आम्ही खो-खो हसलो. डोमाजी हसला नाही. त्यानं वकीलसाहेबांचा गिलास उचलला, तळाशी बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. बाप्पा, काय चेहरा झाला त्याचा!

दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकानात आला. डोळे लाल. "म्या हात जोडून शपथ घेतली होती, अन् दीड वरीस लोकायले ताडी पाजली. केशरबाईले काय सांगू? तो चांगला कंट्रोल द्या मले. खातं देत नसन तं माह्या पदरचा घेतो."

तो कंट्रोल माझ्या कपाटात, त्याच्या हातभर अंतरावर होता. मी म्हणालो, "मुंबईहून मागवावा लागेल." अन् तीन आठवडे त्याला तेच सांगत राहिलो. का? चार वाजत होते ना रोज! त्या तीन आठवड्यांत डोमाजी दुपारी केंद्राला कुलूप लावून दारात उभा राहायचा, आणि आज ना उद्या उघडेल या आशेनं आम्ही त्याला शिव्या घालायचो.

शेवटी मलाच लाज वाटली, कंट्रोल बसवून दिला. नळी नुसती हवेत लोंबकळत न ठेवता नीरेच्या कॅनला फडक्यानं बांधायची, ही अक्कल डोमाजीचीच. "हवा थंडी असून काय फायदा, नीरा थंडी पायजे." मी इतकी वर्षं मिस्त्री, मला सुचलं नव्हतं. मेच्या उन्हातसुद्धा नीरा दिवसभर गोड राहू लागली.

अन् गिऱ्हाईक गायब! दिवसाला दहा-बारा गिलास. वर वकीलसाहेबांनी खात्याला अर्ज धाडला: 'नीरेची प्रत खालावली असून सदर इसम उद्धट आहे.' चार वाजता डोमाजीराव, अर्जात सदर इसम. अर्ज माझ्याही दुकानात आला. झोकात सही केली, इंग्रजीत.

चौकशीला साहेब आला तो सकाळी. मी फ्रिज तपासायला तिथंच होतो. साहेबानं अर्ज वाचला, खालची नावं एकेक करून मोठ्यानं वाचली. माझंही. डोमाजीनं माझ्याकडे पाहिलं नाही.

साहेब समजावून म्हणाला, "खप असाच राहिला तर केंद्र बंद होईल, तुमची नोकरी जाईल. लोक म्हणतात, जुना कंट्रोल बरा होता. तोच लावा की."

"त्या कंट्रोलवर नीरेची ताडी व्हते, साहेब."

"असं लेखी द्याल? विकणारे तुम्हीच होता."

"देतो. काय सजा असन ते मले करा. पिनाऱ्यायची नावं तुमच्या हातातच हायेत."

साहेबानं पुन्हा अर्जावरची पहिली सही पाहिली, समितीच्या अध्यक्षांची. मग पेनाला टोपण लावलं. "राहू द्या. लेखी नको."

तीन महिन्यांनी केंद्र बंद झालं. खात्याच्या कागदावर कारण लिहिलं होतं: 'अमरावतीच्या जनतेस नीरेची आवड नाही.' डोमाजी धामणगावला कापसाच्या जिनिंगमध्ये रोजंदारीवर लागला.

शेवटच्या दिवशी मी फ्रिज बंद करायला गेलो. डोमाजीनं कॅनमधली उरलेली नीरा गिलासात ओतून माझ्यापुढे धरली. घेणं जिवावर आलं, पण घेतली. थंडगार होती, इतकी गोड की दुसरा घोट घेताना माझे डोळे भरून आले.

"कशी लागली?" त्यानं विचारलं.

"गोड आहे, डोमाजी. फार चांगली आहे."

"मंग सही काहून केली?"