मिक्सरवाली तबकडी

माझी आत्या रेडिओवर दुपारच्या फर्माइशी वाचायची. गाणी निवडायची तिनंच, तबकड्या पुसायच्याही तिनंच. घरी तिच्या तोंडाला लगाम नसे. माईकसमोर मात्र मोजकं, गोड बोलायची.

एकदा एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस तिच्या खोलीत आला. काखेत नवी तबकडी, हातात भलंमोठं खोकं.

"ताई, मिक्सर आहे. घरी न्या. फक्त हे गाणं रोज एकदा लावा."

"अहो, पण लोकांनी मागायला नको?"

"ऐकवल्याशिवाय मागतील कसे? सगळेच घेतात हो!"

आत्यानं खोकं ठेवून घेतलं. तो माणूस खुशीत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माईकवर म्हणाली, "श्रोतेहो, पुढच्या गाण्याची फर्माईश कुणीच केलेली नाही. ते लावावं म्हणून कंपनीनं मला मिक्सर दिलाय. ऐका आणि कळवा."

केंद्राचे साहेब हातातल्या चहाच्या कपासकट धावत आले. "बाई, माझी नोकरी घालवता का?"

"तुमची का जाईल? मिक्सर मला मिळालाय."

साहेबांना ओरडावं की हसावं कळेना. खोकं त्यांनी त्याच दिवशी परत धाडलं. आठवडाभरात पत्रांचा ढीग पडला. एका गृहिणीनं लिहिलं होतं, "ताई, मिक्सर ठेवा, गाणं परत करा."

आत्या हसून बेजार. पण मग ती गायिकाच दारात उभी राहिली. विशीची पोर, डोळे रडून लाल.

"मला खरंच माहीत नव्हतं हो. आता सगळे मला मिक्सरवाली म्हणतात."

कंपनीला चिमटा काढायच्या नादात आत्याला या मुलीचा विचारच सुचला नव्हता.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "बैस. तुझं तुला आवडतं ते गाणं कोणतं?"

"त्याच तबकडीच्या मागच्या बाजूचं. पण कंपनी म्हणते, ते चालणार नाही."

दोघींनी ते तिथंच ऐकलं. संपल्यावर आत्यानं सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती श्रोत्यांना म्हणाली, "या पोरीचा काही दोष नव्हता. आणि आजच्या गाण्यासाठी मला कुणी काही दिलेलं नाही. मला आवडलंय, म्हणून लावतेय."

महिनाभरात फर्माइशींच्या पत्रांत तेच गाणं पहिलं आलं. कंपनीचा माणूस पुन्हा उगवला, या खेपेला रिकाम्या हातानं. आत्यानं त्याला खुर्ची दिली, चहा दिला, आणि गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवलं.

"वा!" तो म्हणाला. "कुणाचं हो हे?"


"तुमचंच," आत्या म्हणाली.