घरातलं वाचणारं माणूस

शंकरदादा माझा थोरला भाऊ. मी आज जी काही आहे, ती त्याच्यामुळे. दहावीनंतर बाबा मला घरी बसवायला निघाले, तेव्हा वांग्यांचं पोतं खाली टेकवून दादा म्हणाला होता, "शिकू द्या तिले, बाबा. घरात एक तरी वाचणारं पायजे." त्या एका वाक्यावर मी सेवाग्रामला नर्सिंग केलं.

कामासाठी जेरुसलेमला निघायच्या आदल्या दिवशी त्यानं मला आमच्या वडनेरहून हिंगणघाटला, नोंदणी कार्यालयात नेलं. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. मी कागद उलटू लागले, तर दादा हसला. "वाचून काय करतं वं? मी हाय ना. वारसाचं काम हाये." मला माझीच लाज वाटली. साहेबांनी "समजलं ना?" विचारलं. मी मान डोलावली, सही केली.

दुसऱ्या दिवशी बस हलली तेव्हा तो खिडकीशी धावत म्हणाला, "विहिरीपासचा तुकडा तुया. लवकर येजो."

इथे मी रिव्काआजींची देखभाल करते. जन्मभर त्यांनी शाळेत तोरा शिकवला. तोरा म्हणजे ज्यू लोकांच्या धर्मग्रंथाची पहिली पाच पुस्तकं. दर शनिवारी ठरलेला भाग वाचायचा. ती हातानं लिहिलेल्या लांब गुंडाळीतून वाचतात; गुंडाळीत एक अक्षर चुकलं तरी ती चालत नाही. सुरुवातीला देव एका माणसाला घर सोडायला लावतो, भूमीचं वचन देतो. शेवटी त्या लोकांचा पुढारी मोशे ती भूमी डोंगरावरून पाहतो आणि बाहेरच मरतो. मग लगेच पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायचं.

"पण गाभा मधल्या पुस्तकात आहे," आजी म्हणतात. आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका, असं तिथे आहे. जुन्या पंडितांच्या मते आंधळा म्हणजे विश्वासानं डोळे मिटलेला. त्याला खोटा सल्ला देऊन त्याचं शेत घेऊ नये.

हे त्यांनी मला सांगितलं. त्याच आठवड्यात, विहिरीपाशी दोन खोल्या बांधाव्यात म्हणून, मी मोबाइलवर सातबारा पाहिला होता. माझं नाव नव्हतं. खाली फेरफार होता: हक्कसोडपत्र, माझ्याच सहीचं.

फोनवर दादा म्हणाला, "बहिणी सोडतातच वं. तू का वखर धराले येणार हायेस?"

माझं घर आता मोबाइलवरच्या त्या सातबाऱ्याएवढं. दिसतं, आत जाता येत नाही. त्याला मी पत्र लिहिलं:

"दादा, मागितलं असतं तर हासत देलं असतं. तू मागितलंच नाई. दिवाळीले मी येऊन राह्यली. शेताचं मंग बोलू. आधी तो कागद मले मोठ्यानं वाचून दाखवजो, पयल्या अक्षरापासून. घरात एक तरी वाचणारं पायजे."