वाढलेला टक्का

शाळेच्या फाटकाबाहेर टेबल मांडून बसलेला कार्यकर्ता मतदारयादीवरून बोट फिरवत होता. समोर सुमनकाकू उभ्या होत्या, इस्त्रीची साडी नेसून, हातात ओळखपत्र धरून. त्यांची आमच्या शेजारची इमारत पुनर्विकासासाठी पाडल्यापासून त्या लांब भाड्याने राहतात. मतदानासाठी दोन बस बदलून आल्या होत्या.

"काकू, नाव नाही तुमचं. पडताळणीला माणूस आला तेव्हा तिथं नुसता खड्डा होता. अख्खी इमारत स्थलांतरित म्हणून वगळलीय."

"अरे, पण मी आहे ना! ही काय, तुझ्यासमोर उभी आहे!"

त्याने ओशाळून यादी मिटली. काकूंनी आपलं कोरं बोट एकदा पाहिलं आणि हात पदराखाली घेतला.

मी मत देऊन निघाले, तर दारातले शिक्षक खुशीत सांगत होते, "यंदा आपल्या केंद्राचा टक्का वाढलाय!"

वाढणारच. टक्का यादीवरून काढतात, आणि जो यादीतच नाही तो गैरहजरही धरला जात नाही. नावं गळत जातात, टक्का चढत जातो. एक दिवस यादीत एकच नाव उरेल आणि शंभर टक्के मतदान झालं म्हणून पेढे वाटतील.

घरी आले तर आमच्या जिन्यात नवी नोटीस लागली होती. रविवारी पुनर्विकासाची सभा, सर्वांनी सह्यांसाठी हजर राहावे. खाली उभे असलेले शेजारी मोठ्या घरांबद्दल बोलत होते. मी नखावरची शाई पाहिली. ती पुसली जात नाही म्हणतात. नखाबरोबर हळूहळू टोकाला सरकते आणि आपणच ती कापून टाकतो.