कंट्रोलर काकांचं बिघडलेलं मशिन

"उशीर आहे, रद्द नाही," असं म्हणून ते उजव्या हाताचा तळवा हवेत हळूच खाली दाबायचे. समोर चिडलेल्या प्रवाशांची गर्दी उभी आहे आणि तिला बाकावर बसवायचंय, असा तो हात चालायचा. प्रत्यक्षात समोर बहुतेक वेळा मी एकटाच असायचो.

आमच्या शेजारच्या फ्लॅटमधले हे गृहस्थ एस.टी.तून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. नाशिकच्या बसस्थानकावर काचेच्या खिडकीमागे बसायचं आणि कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागतेय ते माइकवरून सांगायचं, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. सिन्नर, संगमनेर, येवला, पेठ. त्यांच्या आवाजावर पिशव्या उचलून धावलेली माणसं तुमच्यातही असतील. निवृत्तीनंतर माइक गेला, पण तो आवाज आणि ती भाषा राहिली. सोसायटीत टँकर आला की ते गॅलरीतून सांगायचे, "पाण्याचा टँकर मागच्या गेटला लागलेला आहे." कोणाला फोन करायची गरज पडायची नाही. आम्ही सगळे त्यांना कंट्रोलर काका म्हणायचो.

काकूंना अर्धांगवायूचा झटका आला आणि हा आवाज एकदम घरातल्या घरात वावरू लागला. काकूंची उजवी बाजू गेली होती. बोलणं 'हं' आणि 'नको' यांच्यावर आलं होतं. काकांनी त्यांची खाट हॉलमध्ये मांडली. तिथे उजेड यायचा आणि काकूंना स्वयंपाकघर दिसायचं. काका सगळं स्वतः करायचे. भरवणं, कुशीवर वळवणं, चादरी बदलणं. चादरी दिवसातून अनेकदा बदलाव्या लागत, आणि म्हणून त्या घरात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातलं पुढून दार उघडणारं वॉशिंग मशिन हे देवघराच्या खालोखाल महत्त्वाचं होतं.

एकदा लिफ्टमध्ये ते मला म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, हसता येईल तिला. चेहऱ्याची एक बाजू चांगली आहे." आणि मग, मजला येईपर्यंत थांबून, "पण ती हसत नाही."

मी लिफ्टचं दार धरून ठेवलं.

डिसेंबरातल्या एका सकाळी त्यांनी बेल वाजवली. नाशिकची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवसांत हाताने पिळलेली चादर दोरीवर ओलीची ओली लटकत राहते. काकांच्या बाह्या कोपरापर्यंत वर होत्या आणि हात गार पाण्याने लाल झाले होते.

"इंजिनिअर, मशिन थांबलंय. आत पाणी आहे, दार उघडत नाही. कंपनीचा माणूस म्हणतो, आज-उद्या जमणार नाही."

आता हे 'इंजिनिअर' प्रकरण सांगायला हवं. मी इंजिनिअर नाही. मी घरगुती उपकरणांबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकांचं मराठी भाषांतर करतो. मिक्सर, गिझर, वॉशिंग मशिन. तुम्ही ज्या पुस्तिका न वाचता खोक्यातच ठेवता, त्या मी लिहिलेल्या असतात. हे मी काकांना एकदा सांगितलं होतं आणि त्यांनी त्याचा अर्थ लावला, की हा माणूस आतून-बाहेरून मशिनं जाणतो. मी तो अर्थ दुरुस्त केला नाही. खरं सांगायचं तर त्या सकाळी बेल वाजली तेव्हा मला थोडा अभिमानच वाटला. वीस शब्दांत पंप साफ कसा करावा हे सांगणाऱ्या माणसाला प्रत्यक्ष पंप भेटणार होता.

मी लग्नात भेट आलेली हत्यारांची पेटी घेऊन गेलो. तिच्यावरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नव्हतं.

मशिनच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं. त्यामागे गाळणी असते. कचरा अडकला की पाणी बाहेर जात नाही. हे मला तोंडपाठ होतं. मी फरशीवर मांडी घातली, झाकण काढलं, आणि काकूंना ऐकू जाईल इतक्या आवाजात समजावून सांगितलं, की ही साधी गोष्ट आहे, लोक उगाच घाबरतात. काका बॅटरी धरून मागे उभे होते. मग मी गाळणीचा आटा फिरवला.

'गाळणी उघडण्यापूर्वी यंत्रातील उर्वरित पाण्याचा निचरा करून घ्यावा.' हे वाक्य माझं आहे. ठळक अक्षरांत आहे आणि पुढे उद्गारचिन्ह आहे.

पाणी आधी माझ्या मांडीत आलं. साबणाचं, गार, आणि थांबायचं नाव नाही. मी गाळणी परत बसवायला गेलो तर ती हातातून सटकली. ती पकडायला उठलो तर पाय सरकला आणि मी बसल्या जागी पुन्हा, पण या वेळी दणकून बसलो. टेकायला म्हणून हात टाकला तो मशिनच्या साबणाच्या खणावर. खण निघून माझ्या डोक्यावरून मागे गेला आणि उरलेली पावडर ओल्या केसांत बसली. पाण्याचा लोंढा हॉलकडे निघाला. मी त्याला माझ्या स्वेटरने अडवायचा प्रयत्न केला. स्वेटर अंगात होता.

तेव्हा हॉलमधून एक आवाज आला. आधी मला वाटलं काकूंना ठसका लागला. मी तसाच फेसाळलेला वळलो. काकूंची मान उशीवर थोडी उचललेली होती, अर्धा चेहरा स्थिर होता आणि अर्धा हसत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं. खाट हलत होती.

काकांच्या हातातल्या बॅटरीचा झोत छताकडे गेला होता. पाणी त्यांच्या पायांवरून वाहत होतं आणि त्यांना त्याचं काही नव्हतं. बाहेर ते प्रमाण मराठी बोलायचे, पण बायकोशी सिन्नरकडची त्यांची मूळची बोली यायची. ते अगदी हळू म्हणाले, "काय गं? लय हसू आलं व्हय?"

"हं," काकू म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून पुन्हा सुरू झाल्या.

मशिन मात्र माझ्या हातून सुरू झालं नाही. चादरी बाहेर निघाल्या, त्या मी आमच्या घरी धुतल्या. निघताना मी ओशाळून म्हणालो, "काका, मी उद्या नीट वाचून येतो."

"या ना," ते म्हणाले. "उशीर आहे, रद्द नाही."

दुसऱ्या संध्याकाळी त्यांनीच बोलावलं. गाळणी आता जागेवर होती. बटण दाबलं की दिवे लागत, मशिन घुंई करायचं, पण आत पाणी येत नव्हतं. मी गंभीरपणे म्हणालो, "बिघाड पुढे सरकलाय." मी मागचं पत्र्याचं झाकण उघडलं. चार स्क्रू काढले, त्यातला एक मशिनखाली गेला, तो काढायला मी आडवा झालो, आणि माझी पाठ तिथेच धरली. काकांनी मला दोन्ही बगलांत हात घालून उठवलं. काकू बघत होत्या. काका मला धरूनच हॉलच्या दारापर्यंत घेऊन गेले. मला तेव्हा वाटलं, मोकळी हवा मिळावी म्हणून.

असं पुढे बरेच दिवस चाललं. काका संध्याकाळी चहाच्या वेळेला बोलवायचे. मी एका वायरीवर संशय घ्यायचो, मग दुसऱ्या. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून मी रोज नवं निदान घेऊन जायचो आणि काका ते काकूंना मोठ्याने जाहीर करायचे. "इंजिनिअर म्हणतात, आज दोष आतल्या सर्किट कार्डात आहे." काकू ओठाच्या कोपऱ्याने हसायच्या. एकदा मी काढलेली दाराची रबरी कड परत बसवताना माझा सदरा आत अडकला आणि मी मशिनला मिठी मारून उभा राहिलो. त्या दिवशी काकू झटक्यानंतरचा पहिला नवा शब्द बोलल्या. तो शब्द 'वेडा' होता. काकांनी तो मला तीनदा सांगितला, मी समोर असूनही.

एका रविवारी माझी बायको गच्चीवरून कपडे काढून आली आणि म्हणाली, "तू रोज तिकडे नेमकं काय करतोस?"

"मशिन दुरुस्त करतोय."

"कोणाचं? त्यांच्या चादरी तर वर वाळताहेत. चांगल्या पिळून निघालेल्या. दुपारी मशिन चालतं त्यांचं. मी सुट्टीच्या दिवशी भिंतीतून ऐकते."

मी त्या संध्याकाळी गेलो आणि पहिल्यांदा मशिनमागचा पाण्याचा नळ बघितला. तो बंद होता. मी तो सोडला आणि बटण दाबलं. मशिनमध्ये पाणी येऊ लागलं.

काका गॅसपाशी चहा गाळत होते. त्यांचा हात थांबला.

"कंपनीचा माणूस दुसऱ्याच दिवशी दुपारी येऊन गेला," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "फोन केला होता, आज जमतंय म्हणाला. मग संध्याकाळी मी नळ बंद केला. तुम्हाला राग येईल, कल्पना आहे."

राग आला होता, नाही म्हणत नाही. इतके दिवस मी वायरी, कार्ड, मोटर यांच्यावर आळ घेत होतो आणि घरातल्या कुठल्याही माणसाला आधी सुचेल तो नळ मी पाहिला नव्हता. अपमान कसला मोठा वाटत होता तेच ठरत नव्हतं, त्यांनी मला फसवल्याचा की त्यांना इतकी साधी युक्ती पुरल्याचा.

"सांगितलं असतं तर आलो नसतो का?" मी विचारलं.

"आला असता. पण मग तुम्ही विनोद केला असता," काका म्हणाले. "तिला विनोद चालत नाही. तिला तुम्ही खरोखर प्रयत्न करताना बघायचं असतं."

हॉलमधून काकूंचा आवाज आला. चहाला उशीर होतोय अशा अर्थाचा. मी मशिन बंद केलं, नळ बंद केला, आणि फरशीवर मांडी घातली.

काका म्हणाले होते ते किती खरं होतं हे मला लवकरच कळलं. मी मुद्दाम पाना पायावर पाडून पाहिला. काकूंनी तोंड भिंतीकडे वळवलं. मुद्दाम घसरलो, तर "नको" म्हणाल्या. मग मी ठरवलं, की खरंच काहीतरी शिकायचं. दार उघडून त्याची बिजागरी काढायची आणि परत बसवायची. ते मला कधीच धड जमलं नाही, आणि काकूंचा तो हिवाळा आणि पुढचा उन्हाळा बरा गेला. माझ्या आयुष्यात एखादं काम इतकं वाईट करून इतकं उपयोगी पडलं, असं पुन्हा झालेलं नाही.

पावसाळ्याच्या शेवटी काकू गेल्या. सकाळी, काका चादर बदलत असताना.

आता काकांच्या दाराला कुलूप आहे. लेक सिन्नरला असते, ती त्यांना घेऊन गेली. टँकर येतो तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येतो, आणि निम्म्या लोकांच्या बादल्या रिकाम्या राहतात.

जायच्या आधी काही दिवस त्यांनी एकदा बेल वाजवली होती. "मशिन थांबलंय," म्हणाले. मी गेलो. आधी नळ पाहिला. चालू होता. मी काकांकडे बघितलं, तर त्यांनी मान हलवली. या वेळी ते खरंच बंद पडलं होतं.

मी परात मागितली. गाळणीशेजारच्या छोट्या नळीतून सगळं पाणी परातीत काढलं, परात भरली की मोरीत ओतली, पुन्हा लावली. मग गाळणी उघडली. आत चादरींच्या दोऱ्यांचा घट्ट गोळा बसला होता. तो काढला, गाळणी धुतली, बसवली, बटण दाबलं. मशिन सुरू झालं. फरशीवर एक थेंब नव्हता.

काका चटकन हॉलकडे वळले. खाट आदल्याच आठवड्यात गेली होती. मग ते येऊन माझ्या शेजारी खाली बसले. काचेच्या दारातून आत दिसत होतं. त्यांचा एकच सदरा होता, तो वर जायचा आणि पडायचा. तो धुऊन होईपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसलो होतो.